अकराची पाहणी

मोजणीदार बाईने शून्य लिहिलं ते अगदी प्रामाणिकपणे. त्या मंगळवारी सकाळी अकराला, कचेरीतला चहा आटोपून, ती किनाऱ्यावर पाहणीला गेली तेव्हा पाणी थेट बांधाला लागलं होतं आणि औषधाला एक पक्षी दिसत नव्हता. ‘आढळलेले पक्षी’ या रकान्यात तिने शून्य टाकलं आणि खाली सही ठोकली. कचेरीची पाहणी वर्षानुवर्षं अकरालाच होते. समुद्राला हे कुणी कळवलेलं नाही, इतकंच.

रविवारी तिच्या मावशीने तिचे डोळे उघडले. मावशीचा सगळा जन्म त्या चिखलात शिंपल्या वेचण्यात गेला होता. शून्याचं ऐकल्यावर तिने भाचीला मनगटाला धरून ओहोटीच्या वेळी तिथे नेऊन उभं केलं. पाणी पार लांब गेलं होतं आणि उघड्या पडलेल्या चिखलात हजारो पक्षी अधाशासारखे चोची खुपसत होते. त्यांचं तरी काय चुकलं? इथून उडाले की पुढे कितीतरी दिवस खाली नुसतं पाणी. भरतीच्या वेळी ते लांबच्या खडकांवर जाऊन बसतात, हेही मावशीनेच सांगितलं.

“घरातली माणसं बाहेर गेल्यावर तू घर बघायला आलीस,” ती म्हणाली, “आणि रिकामं आहे म्हणून लिहून मोकळी झालीस.”

बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या त्या शून्याच्या जोरावर तिथे भराव पडणार होता, वर हॉटेल उठणार होतं. बुधवारी सुनावणी झाली की विषय संपला.

सोमवारी ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेब म्हणजे तिचे सख्खे मामा, मावशीचे धाकटे भाऊ. नोकरी त्यांनीच लावून दिली होती आणि त्याची आठवण करून द्यायला ते विसरले नाहीत. सही फिरवलीस तर कचेरी तोंडघशी पडेल, मीही पडेन, तेव्हा तोंडाला कुलूप लाव, असं त्यांनी गोडीत सांगितलं. बाई मान डोलावून बाहेर आली. मान डोलावल्याचा तिला दोन दिवस राग येत राहिला.

बुधवारी अकराला सुनावणी सुरू झाली. साहेबांनी पाहणीचा कागद वाचायला घेतला, तशी ती उठली.

“हा आकडा चुकीचा आहे. मीच लिहिलाय, म्हणून मीच सांगते.”

हॉटेलवाला हसला. साहेब हसले नाहीत. नव्याने पाहणी झाल्याशिवाय आकडा बदलत नाही आणि पाहणी अकरालाच होते, असा नियम त्यांनी सगळ्यांना ऐकवला. त्यांच्या लेखी विषय मिटला होता.

“मग चला,” बाई म्हणाली. “अकरा वाजलेत. आणि आज या वेळी ओहोटी आहे.”

आधी मागे बसलेली मावशी आणि चार माणसं उठली, मग सगळा हॉल. किनारा रस्ता ओलांडला की समोरच. साहेबांना जावंच लागलं. नियम त्यांचाच होता. चकचकीत बूट सांभाळत ते बांधावर थांबले. बाईने चपला काढल्या, मावशीच्या हातात दिल्या आणि गुडघाभर चिखलात शिरली. जमीन मोजायची तसे पट्टे पाडून तिने पक्षी मोजले, घाई न करता. आकडा चार हजारांच्या वर गेला तेव्हा हॉटेलवाला आपल्या गाडीत जाऊन बसला होता.

चिखलाने माखलेल्या हातांनी तिने कागद साहेबांपुढे धरला. त्यांनी सही केली, पण पेन खिशात ठेवताना तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, “महिन्याभरात तुझी बदली. समुद्र दिसणार नाही अशा ठिकाणी.”

“खुशाल करा, मामा,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “माझ्या जागी जो येईल, त्याला ओहोटीच्या वेळा शिकवूनच मी जाईन.”