अल्फोन्सीनने टाकलेला गळ

कॅनडाच्या उत्तरेतल्या ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या पूर्वेला आमची वस्ती आहे. शेजारच्या झेफरिनची नजर काचबिंदूने गेली तेव्हा तो एकाहत्तर वर्षांचा होता. पन्नास वर्षं त्याने ट्राउट मासे धरले आणि त्याच्या बायकोने, अल्फोन्सीनने, ते चिरून धुरावर वाळवले. तिने स्वतः गळ कधी टाकला नव्हता. ती होडीत फार बोलते, मासे पळतात, असं त्याचं म्हणणं.

मार्चमध्ये घरातले मासे संपले. तिने नवऱ्याला स्नोमोबाइलच्या मागच्या घसरगाडीत बसवलं आणि गोठलेल्या सरोवरावर नेलं. बर्फ चार फूट जाड होता. भोक तिनेच पाडलं, आमच्या रिवाजाप्रमाणे चिमूटभर तंबाखू पाण्याला दिली आणि गळ लावलेला दोर सोडला.

"तळाला टेकला की हातभर वर घे," झेफरिन म्हणाला. "हलव आणि थांब."

"किती थांबू?"

"तुला गप्प बसवेल तेवढं."

ती गप्प बसली. दुपारपर्यंत तीन मासे लागले.

जूनमध्ये बर्फ फुटला. तेव्हा ट्राउट किनाऱ्यालगत असतात, त्यामुळे तिला फारसं विचारावं लागलं नाही. ऑगस्टमध्ये वरचं पाणी कोमट झालं आणि मासे खोल गेले. झेफरिनचा तळाशी एक ठरलेला खड्डा होता, दोन बेटांच्या मधोमध. तिथे दोघांना चार दिवस काही लागलं नाही. पाचव्या दिवशी तिने त्याला न सांगताच होडी किनाऱ्यावरच्या कड्याखाली नेली आणि हात पसरून मोजत वीस वाव दोर सोडला. तासाभरात एक मोठा मासा वर आला.

झेफरिनने तो दोन्ही हातांनी चाचपला.

"हा माझ्या खड्ड्यातला नाही."

"कशावरून?"

"होडीच्या मोटारीचा आवाज कड्यावर आपटून परत येत होता."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"लागतोय का बघत होतो."

घरी येईपर्यंत तो तिच्याकडे पाठ करून बसला. तो दुखावलाय हे तिला कळलं होतं, पण तिने समजूत काढली नाही. रात्री माशाचं डोकं, त्याचा आवडता भाग, उकडून त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्याने ते निवांत खाल्लं.

पुढचा आठवडाभर ती एकटीच गेली. मग एका सकाळी चहा पिताना त्याने विचारलं, "दोर किती सोडतेस?"

"वीस वाव."

"पाणी अजून तापलंय. बावीस सोडून बघ."

तिने बावीस सोडले. दोन मासे आणले. दुसऱ्या दिवशी तो बूट घालून दारात उभा होता.

सप्टेंबरच्या अखेरीस ट्राउट अंडी घालायला उथळ खडकांवर आले. आमच्यात कुणी त्यांना तेव्हा धरत नाही. तरी झेफरिनने तिला संध्याकाळी तिकडे होडी न्यायला लावली. गळ घरीच ठेवले होते.

"किती आहेत?"

"मोजता येत नाहीत. पाठीला पाठ लागलीय. खालचे दगड दिसत नाहीत."

"मोठे आहेत?"

"काही आहेत."

त्याने हात पाण्यात बुडवला आणि बोटं बधिर होईपर्यंत तसाच ठेवला. मग दोघं परतली.

डिसेंबरमध्ये बर्फ धरला. झेफरिनचे गुडघे दुखत होते. दोर किती सोडायचा हे न विचारता ती एकटी गेली आणि चार मासे घेऊन आली.