लेम्पीच्या सुऱ्याला फुटलेलं रक्त

रॉयस टँडीने सुऱ्याचं पातं ओलसर फडक्याने पुसलं, त्यावर झऱ्याच्या पाण्याचे चार थेंब टाकले आणि पातं लाल झालं. लाल ओघळ पांढऱ्या बशीत उतरला. अख्खा फिनिश हॉल खुर्च्यांच्या कडेवर आला.

"पोलाद विसरत नाही," रॉयस डोळे मिटून म्हणाला. झालरींचं कातडी जाकीट, गळ्यात अस्वलाची नखं आणि आवाज असा, की हवामानाचा अंदाज वाचला तरी बायांनी डोळे पुसावेत. "मला साल दिसतंय. अडतीस. बर्फ दिसतंय. एक माणूस पाठमोरा चाललाय. नावात 'ऑ' आहे."

मिशिगनच्या वरच्या टोकाला, फिनलंडहून आलेल्यांनी वसवलेल्या आमच्या गावात, अडतीस साली हरणाच्या शिकारीला गेलेला एकच माणूस परतला नव्हता. ऑस्मो कांगास. ही गोष्ट गावातल्या कुठल्याही दारूच्या गुत्त्यात एका बिअरच्या बदल्यात ऐकायला मिळते; रॉयस तर आठवडाभर तिथेच मुक्कामाला होता. पण त्या क्षणी हे कुणाला सुचलं नाही.

सुरा होता विल्हो लाहतीचा. विल्हो त्या उन्हाळ्यात नव्वदीचा होऊन वारला आणि शिकारी सुऱ्यांनी भरलेली पेटी मुलीला, लेम्पीला, ठेवून गेला. कुठला सुरा किती जुना हे तिला ठाऊक नव्हतं. 'हात लावताच साल सांगतो' अशी ख्याती असलेला रॉयस गावात आला, म्हणून ती पेटी घेऊन आली होती. साल कळलंच, वर बाप खुनी निघाला.

तिसऱ्या रांगेत ऑस्मोचा पुतण्या रेनो बसला होता. सहासष्ट वर्षांचा, कमी बोलणारा माणूस. त्याने टोपी उचलली आणि लेम्पीकडे न बघता निघून गेला.

"घाबरू नका, ताई," रॉयस लेम्पीला म्हणाला. "डागाळलेले सुरे मी घेऊन जातो, मिठात पुरून शुद्ध करतो. पुढच्या शनिवारी."

डागाळलेले म्हणून त्याने जे बाजूला काढले, ते नेमके हरणाच्या शिंगाच्या मुठीचे, उत्तम घडणीचे होते. गंजके, मोडके सुरे मात्र त्याच्या मते पुण्यवान होते.

दुसऱ्या दिवशी बेकरीत लेम्पी मांस-बटाटा भरलेली पेस्टी घेऊन बसली, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या दोघी उठून खिडकीपाशी गेल्या. लेम्पी तशीच उठली आणि माझ्या हार्डवेअरच्या दुकानात आली. शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी सेल्मा तिथे रंगाचा डबा घ्यायला आली होती.

"सगळी पेटी तलावात फेकून देते," लेम्पी म्हणाली.

"फेक, पण आधी मला दाखव," सेल्मा म्हणाली. "खुनी सुरा मी अजून पाहिला नाही."

सुरा काउंटरवर आला. आदल्या रात्री हॉलमध्ये मी तो लांबूनच पाहिला होता. आता मुठीजवळ, पात्याच्या बुडाशी, ठसा दिसला: नॉर्थ पाइन.

"हा कारखाना दुसरं महायुद्ध संपल्यावर निघाला," मी म्हणालो. "त्यांची पहिली खोकी माझ्या वडिलांनी याच काउंटरवर फोडली."

सेल्माने म्यान उलटं केलं. चामड्यावर कारखान्याचा पत्ता दाबून उठवलेला होता. तिने तो लेम्पीपुढे धरला. "बाई, तू पोस्टात होतीस. वाच."

लेम्पीने चष्मा लावला. तिचं बोट पत्त्याच्या शेवटाला थांबलं. "पिनकोड आहे," ती सावकाश म्हणाली. "पाच आकडी. हे आकडे त्रेसष्ट साली आले. मी तेव्हा नुकती खिडकीवर बसायला लागले होते. जो तो येऊन मलाच झापायचा, आमचं गाव काय पळून गेलंय का, नंबर कशाला हवा."

"म्यान नंतर घेतलं असेल तर?" मी विचारलं.

"असेल. म्हणून तर आधी ठसा पाहिला," सेल्मा म्हणाली. "ठसा म्हणतो, लढाईनंतरचा. मुठीजवळच्या पितळी आडव्या पट्टीने म्यानाला पाडलेली खाच बघ, याच सुऱ्याची आहे; दोघं बरोबरच म्हातारे झालेत. अडतीस साली हा सुरा कुणाच्या पाठीत शिरायला जन्मालाच आला नव्हता."

लेम्पी खाली स्टुलावर बसली आणि बराच वेळ रडली. मग म्हणाली, "पण रक्त?"

"ते माझ्यावर सोड."

शनिवारी हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. रेनोला सेल्मा स्वतः जाऊन घेऊन आली. तो दाराशी हाताची घडी घालून उभा राहिला. रॉयसने लेम्पीच्या पेटीकडे हात पुढे करताच सेल्मा उठली.

"महाराज, आधी माझ्या पणजोबांचा सुरा बघाल का?"

रॉयसने तो ओलसर फडक्याने पुसला, पाण्याचे थेंब टाकले. ओघळ आला. "अठराशे नव्वद," तो कण्हला. "फासे लावणारा शिकारी. दोन बायका. मोठं दुःख."

"दुःख खरं आहे," मी मागून म्हणालो. "किमतीचं. हा सुरा तिने मंगळवारी माझ्याकडून घेतलाय. याची भावंडं अजून दुकानात खुंट्यांवर लटकलीत."

हशा पिकला. पण रॉयस कच्चा गडी नव्हता. "सुरा नवा असेल. पोलाद जुनं आहे. भट्टीत वितळलं तरी आत्मा मरत नाही."

काही माना डोलल्याही.

"बरं," सेल्मा म्हणाली. तिने कॉफीच्या टेबलावरून प्लास्टिकचा चमचा उचलला, पिशवीतून स्वतःचं फडकं आणि बाटली काढली, चमचा पुसला, थेंब टाकले. चमच्यातून रक्त वाहू लागलं.

"या चमच्याने कुणाचा जीव घेतला, महाराज?"

"पुडिंगचा," कुणीतरी म्हणालं.

"फडक्यात फेरिक क्लोराईड," सेल्मा वर्गात बोलते तशी बोलली. "सुरे घडवणारे पात्याला रंग आणायला वापरतात. बाटलीत पोटॅशियम थायोसायनेट, दिसायला पाण्यासारखं. दोन्ही भेटले की लाल. लाकूड असो, चमचा असो, नाहीतर माझा अंगठा." तिने अंगठाही लाल करून दाखवला. मग लेम्पीने सुरा आणि म्यान स्वतःच्या हाताने रांगांतून फिरवलं. लोक ठसा वाचत होते, आकडे वाचत होते आणि मान खाली घालून पुढच्याला देत होते.

या गडबडीत रॉयस स्वयंपाकघराच्या दाराने सटकला. झऱ्याचं पाणी इथेच विसरला. सेल्मा ते आता दरवर्षी नववीच्या वर्गाला दाखवते.

म्यान सर्वांत शेवटी रेनोकडे गेलं. त्याने पत्ता दोनदा वाचला.

"मग काका गेला कुठे?" त्याने सेल्माला विचारलं.

"मला माहीत नाही, रेनो. बर्फ, दलदल, तलाव. आज ते सांगता येईल असा पुरावा माझ्याकडे नाही."

"साठ वर्षांत हे उत्तर पहिल्यांदाच कुणी दिलं," रेनो म्हणाला. मग लेम्पीपुढे गेला, टोपी काढली. "तुझ्या बापाबद्दल वाईट विचार केला मी. आठवडाभर केला."

"मीही केला," लेम्पी म्हणाली.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. ज्याला कधीच 'माहीत नाही' म्हणावं लागत नाही, अशा माणसापासून चार हात लांब राहा. आणि तो तुमच्या मेलेल्या माणसांबद्दल काही सांगू लागला, तर रडण्याआधी वस्तू हातात घ्या, उजेडात धरा आणि उलटून बघा.