शेपूट

क्लबात त्याला सगळे ‘शेपूट’ म्हणत, आणि त्यात खोटे असे काही नव्हते. चार रस्त्यांच्या छोट्या वर्तुळात होणाऱ्या सायकल शर्यतींपैकी त्याला एकच प्रकार जमे. त्यात दर फेरीला जो शेवटी रेषा ओलांडेल, तो बाद. तो घोळक्याच्या टोकाला निमूट राही आणि ऐन रेषेपाशी कुणा एकाला मागे टाकून जीव वाचवी.

यंदा तो प्रकारच रद्द झाला. उरली गुणांची शर्यत. तिच्यात दर काही फेऱ्यांनंतर घंटा वाजे, आणि त्या फेरीअखेर पहिल्या चौघांना गुण मिळत. घोळक्याला आख्खी एक फेरी मागे टाकून पुन्हा मागून गाठले तर एकदम वीस गुण. पण त्या वाटेला सहसा कुणी जात नसे.

“आज गुण नाही मिळाले, तर सायकल जमा कर,” क्लबात शिकवणाऱ्या मास्तरांनी सकाळीच बजावले होते. एरवी चष्म्याच्या दुकानात भिंगे घासताना दिवसभर तो मनाने क्लबाच्या त्या निळ्या सायकलवरच असे.

पहिली घंटा झाली. धिप्पाड गडी रेषेकडे तुटून पडले. तिथे त्याची डाळ शिजणे शक्यच नव्हते. कठड्यापाशी उभी असलेली त्याची ताई म्हणाली, “अरे, झोप लागली का तुला?” एके काळी ती स्वतः याच शर्यती गाजवायची.

दुसऱ्या घंटेला मात्र त्याच्या ध्यानात आले: गुण पदरात पडताच पुढचे सगळे कंबर सरळ करत, पाणी पीत, हरवलेला श्वास शोधत. त्याच्या पायांना ही विश्रांती ठाऊकच नव्हती. त्याच्या शर्यतीत एका फेरीत वाचलेल्याच्या मानेवर पुढच्याच फेरीत सुरी येई.

तिसऱ्या घंटेची झुंज आटोपली, पाण्याच्या बाटल्या निघाल्या, आणि तो कडेने पुढे सटकला.

“जाऊ दे शेपटाला, येईल दमून परत,” मागे कुणीतरी हसले.

तो आला नाही. छापखान्याचे वळण, बँकेच्या काचा, दवाखान्याची भिंत. काचेत दर फेरीला एकच सायकलस्वार दिसे, आणि त्या एकटेपणाची त्याला प्रथमच भीती वाटली नाही. मग, छाती फुटायला आली असताना, समोर ओळखीच्या पाठी दिसल्या. त्याने शेवटच्या चाकामागे आपले चाक नेऊन लावले.

“आलं बघ शेपूट जागेवर,” मास्तरांनी सुस्कारा सोडला.

“मास्तर, चष्मा पुसा,” ताई म्हणाली. “पुढनं मागं पडून नाही आला तो. मागनं येऊन गाठलंय त्यानं सगळ्यांना.”

शेवटच्या घंटेनंतर पुढे काय रणकंदन माजले, ते त्याने पाहिलेही नाही. सगळ्यांत वरच्याचे सारे गुण मिळूनही वीस होत नव्हते. नेहमीप्रमाणे घोळक्याच्या टोकाला राहून त्याने सर्वांच्या शेवटी रेषा ओलांडली आणि शर्यत जिंकली.

“सायकल कुठं जमा करू?” त्याने धापा टाकत विचारले.

“गप बस,” मास्तर म्हणाले. “घरी ने. आणि साखळीला तेल घाल, दुसऱ्या टोकापर्यंत कुरकुर ऐकू येतेय तिची.”