ज्यांना थांबता येईल त्यांनी
देवापुढचं गाऱ्हाणं नऊ वाजता सुरू झालं आणि नऊ वाजून बारा मिनिटांनी गौरवीचा सर्व्हर मेला.

सुर्ल्याच्या देवळाला लागून ट्रकवाल्यांच्या संघटनेची एक खोली होती. तिथं लॅपटॉप उघडून ती बसली होती. उघड्या जनेलातून बाहेरच्या मंडपातली तीनशे माणसं दिसत होती, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. पावसाळ्यानंतर खाणीवरचा माल उचलायला आता सुरुवात व्हायची होती आणि कंपनीनं बजावून ठेवलं होतं: आज सकाळी दहा वाजेपर्यंत गावचे जेवढे ट्रक यादीत येतील तेवढेच या हंगामात घेऊ, बाकीच्या फेऱ्या बाहेरच्या कंत्राटदाराला. पूर्वी ही यादी कागदावर व्हायची आणि मग त्या कागदावरून डोकी फुटायची. अमक्याचं नाव मागून घुसवलं, तमक्याचं खोडलं. म्हणून संघटनेनं गौरवीकडून मोबाइलवरची नोंदणी करून घेतली. दहाच्या ठोक्याला यादी आपोआप बंद होणार, आपोआप कंपनीकडे जाणार आणि त्यानंतर कुणालाच, खुद्द गौरवीलाही, त्यात नाव घालता येणार नाही, ही अट तिनं स्वतः घातली होती. तेव्हा काय तोरा होता तिचा!

त्या ट्रकांत एक तिच्या वडिलांचा होता. खाणी बंद पडल्या त्या सगळ्या वर्षांत गोकुळदासांनी तो विकला नाही. चाकांखाली फळ्या सरकवल्या, दर रविवारी इंजिन चालू करून धूर काढला, शेजाऱ्यांचं हसणं ऐकून घेतलं. गेल्या महिन्यात दरवाजांना नवा रंग दिला आणि पुढच्या काचेवर पेंटरकडून 'गौरवी' लिहून घेतलं. ट्रकाचं कागदोपत्री आयुष्य येत्या मे महिन्यात संपत होतं. म्हणजे फिरला तर याच हंगामात फिरणार, नाहीतर अंगणातून थेट भंगारात. हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण माहीत सगळ्यांना होतं.

सर्व्हर म्हणजे पुण्यात भाड्यानं घेतलेली आठ जीबी मेमरीची मशीन. जावा भाषेतला प्रोग्राम सुरू करताना त्याला आधी सांगावं लागतं, बाबा रे, मेमरीतला एवढाच भाग तुझा. त्या भागाला हीप म्हणतात. गौरवीनं आठातले सहा देऊन टाकले होते. चाचणीत दोन तासांवर पसरून तीनशे नोंदी घालून पाहिल्या होत्या, सगळं सुरळीत. पण चाचणीत देव नव्हता! गावातली मुलगी, जन्मात शंभर गाऱ्हाणी ऐकलेली, आणि एवढं तिच्या ध्यानात येऊ नये की गाऱ्हाणं संपेपर्यंत एकही माणूस शुभकामाला हात लावत नाही, आणि शेवटचं 'व्हय म्हाराजा' झालं की तीनशे अंगठे एकदम पडतात? ते तसेच पडले.

संघटनेचे अध्यक्ष बाबुराव, मूळचे सावंतवाडीकडचे, घामाघूम होऊन आत आले.

"गो बाय, काय झाला? सगळ्यांच्या फोनार नुसता गोल फिरता हा!"

"मेमरी कमी पडली असणार, काका."

"मगे आठ घेतलव मा? दी सगळी! ठेवतस कोणासाठी?"

तिच्या मनातही तेच होतं. घाबरलेल्या माणसाला हात सैल सोडणंच सुचतं. तिनं सहाचे सात केले आणि प्रोग्राम पुन्हा उठवला. तीन मिनिटं चालला. बावीस ट्रक आत आले आणि पुन्हा सगळं थंड, पहिल्यापेक्षाही लवकर. तिनं तो आणखी दोनदा उठवून पाहिला, दोन्ही वेळा तेच.

नऊ पस्तीस. मंडपात आवाज चढले होते. "कागदच बरो आशिल्लो!" कुणीतरी ओरडलं. गौरवीनं डोळ्यांत आलेलं पाणी कोपरानं पुसलं आणि जावाची नोंदवही पुन्हा वरपासून वाचली. शेवटची ओळ अर्ध्यात तुटली होती. तक्रार कसलीच नव्हती. आणि इथंच ती थबकली. हीप भरली असती तर जावा बोंब मारून मेला असता. हा मुकाट मेला होता. म्हणजे याला कुणीतरी मारलं होतं.

तिनं मशीनची स्वतःची नोंदवही उघडली. तिथं चारही वेळा एकच मजकूर होता: मेमरी संपली, सर्वांत जास्त खाणारी प्रक्रिया ठार केली.

जावाला हीपच्या बाहेरही जागा लागते, आत येणाऱ्या प्रत्येक माणसामागे थोडी थोडी. डेटाबेस त्याच मशीनवर. मशीनलाही स्वतःला श्वास घ्यायला काही हवं. सात देऊन टाकल्यावर उरलेल्या एकात या सगळ्यांनी राहायचं कसं? जास्त देऊन तिनंच त्याचा जीव घेतला होता.

तिनं सातचे चार केले. सगळं गाव बोंबलत असताना मेमरी कमी करायची, याला छाती लागते. ती तिच्याजवळ नव्हती, तरी केलं. एका वेळी आत घ्यायची माणसं चारशेवरून साठावर आणली. मग ती बाबुरावांना म्हणाली, "काका, माइकवर सांगा. एकदम दाबू नका. ज्यांना थांबता येईल त्यांनी जरा थांबा. गौरवीनं सांगितलंय म्हणा."

बाबुरावांनी सांगितलं. अर्थात कुणी थांबलं नाही. हंगाम हातचा जात असताना थांबतो कोण?

पण प्रोग्राम उभा राहिला. हळू, धापा टाकत, पण उभा. नऊ शेहेचाळीसला नव्वद ट्रक. नऊ त्रेपन्नला दोनशे दहा. गौरवी श्वास रोखून आकडा बघत होती, जणू तिनं श्वास सोडला तर तो पडेल. दहा वाजले. दोनशे सत्त्याण्णव. यादी बंद झाली, कंपनीकडे गेली, पोचल्याचं उत्तरही आलं. मंडपात टाळ्या पडल्या. बाबुरावांनी जनेलातून हात जोडले.

आता कुठं तिनं यादीत घरचा नंबर शोधला. नव्हता. आकडा चुकला असेल म्हणून तिनं पुन्हा शोधला. मग वडिलांच्या नावानं शोधला. मग सगळी यादी बोट ठेवून वाचली. नव्हता.

गोकुळदास दारात आले. एका हातात तिच्यासाठी चहाचा ग्लास, दुसऱ्यात कागदात गुंडाळलेला उंडो पाव.

"सगळे बसले मगे?" त्यांनी विचारलं.

"पप्पा, तुम्ही दाबलं नाही?"

"तूच सांगलंस न्हय, थांबता येता त्यांनी थांबा म्हणून?" ते हसले. "काम तुझा. घरच्या माणसान कसो आधी हात घालचो? घरचे मागच्या पंगतीक."

दहा वाजता बंद हे त्यांना ठाऊक होतं. पण मशीन पोरीची, म्हणजे घरचीच, आणि घरच्यांसाठी दोन घास राहतातच, असं त्यांनी धरलं होतं.

त्यांनी चहा मेजावर ठेवला, अंगठा शर्टाला पुसला आणि फोन काढला. "आता दाबू?"

उत्तराची वाट न पाहता त्यांनी दाबलं. लगेच उत्तर आलं, एका क्षणात, सर्व्हर आता पूर्ण मोकळा होता. चष्मा घरी राहिला होता म्हणून त्यांनी फोन तिच्यापुढे धरला.

"काय म्हणता गो?"

ते वाक्य तिनंच महिन्यापूर्वी मोठ्या हौसेनं लिहिलं होतं. तिनं ते वाचून दाखवलं.

"नोंदणी बंद झाली आहे. पुढच्या हंगामात भेटू."