मी मिरची, आज बाहेर राहायला चालले!

मी मिरची बोलतेय. नाक मुरडू नका, तिखट व्हायला अजून वेळ आहे. सध्या वीतभर रोप आहे मी. पण आज मला अंगणातल्या वाफ्यात लावणार आहेत, आणि मला अगदी दम धरवत नाहीये!

माझा जन्म शिलाईच्या खोलीतला. आमच्या मालकीणबाई कपडे शिवतात. गिऱ्हाइकं त्यांना मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. त्यांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईंनी, वर्षानुवर्षं हीच मिरची लावली. ताई गेल्या आणि मागे बटणांच्या डबीत सहा बिया उरल्या. मावशींनी त्या कागदी कपांत पेरल्या. तीनच उगवल्या. आम्ही तिघी गेलो की ताईंची मिरची कायमची संपली!

मशीनशेजारच्या खिडकीत आम्ही मजेत वाढलो. ना वारा, ना कडक ऊन. चांगल्याच लाडावलो होतो म्हणा ना.

"यांना एकदम बाहेर लावायचं नाही," मावशी म्हणाल्या. "आधी कच्ची शिलाई, मग ट्रायल, मग पक्की शिलाई."

त्यांनी कापडाचा खडू घेतला आणि खिडकीच्या कट्ट्यावर लिहिलं, 'अर्धा तास, सावली'. पहिल्यांदा बाहेर गेले तेव्हा वाऱ्याने असं काही गदागदा हलवलं! अगं बाई, मला तर वाटलं, मुळासकट उडते आता. पण मजा काय आली! रोज आकडा वाढायचा. चौथ्या दिवशी कट्ट्यावर होतं, 'दोन तास, ऊन'.

त्या दिवशी सकाळच्या कोवळ्या उन्हात मावशींनी आम्हाला दोन तास ठेवलं, आत आणलं, तेवढ्यात कोणीतरी पँटची तुटलेली चेन बदलून घ्यायला आलं. त्या गडबडीत कट्ट्यावर खडूने लिहिलेलं पुसायचं राहून गेलं. दुपारी काका आले. काका म्हणजे मावशींचे यजमान, बसचे निवृत्त ड्रायव्हर, वेळेचे एकदम पक्के. त्यांनी कट्ट्यावरचं वाचलं आणि आम्हाला उचलून भर उन्हात ठेवलं. वर समोर घड्याळ घेऊन बसले!

"अहो, यांना परत बाहेर कोणी नेलं?"

"मीच. तू लिहिलं होतंस ना, दोन तास? एक मिनिट इकडेतिकडे होऊ दिलं नाही."

माझी पानं पांढरी पडली होती. शेजारच्या बहिणीने तर मानच टाकली, ती पुन्हा उठली नाही. मी काकांवर अशी संतापले होते! मावशी ओरडल्या नाहीत. मटकन खुर्चीत बसल्या.

"ताईच्या आता दोनच राहिल्या हो."

काकांचा चेहरा एवढासा झाला. त्या दिवसापासून आम्हाला आत आणलं की खडू पुसायचं काम काकांचं. पुन्हा अर्ध्या तासापासून सुरुवात. पुन्हा सावली, पुन्हा वारा. जळकी पानं गळली, नवी आली, जाड आणि गडद. माझं खोड बघा, कसं टणक झालंय! गेल्या दोन रात्री तर आम्ही दोघी बाहेरच झोपलो.

आणि आज वाफ्यात! मावशींनी कप अलगद फाडला, मला मातीत बसवलं, बोटांनी माती दाबली. अहाहा, पाय पसरायला केवढी जागा! इतक्यात जोराचा वारा सुटला. काका छत्री घेऊन धावले.

"राहू द्या," मावशी म्हणाल्या. "तिची ट्रायल झालीय."

मी पार जमिनीपर्यंत वाकले आणि पुन्हा सरळ उभी राहिले. शेजारी बहीणही डुलत होती. मावशींनी डोळे पुसले. "ताई, बघितलंस?" एवढंच म्हणाल्या.

आता मी जोमाने वाढणार, फुलणार, मिरच्यांनी लगडणार. हव्या तेवढ्या तोडा, माझी काही तक्रार नाही. पण काका, एवढं एक ऐका. जी मिरची सगळ्यात आधी लाल होईल, तिला हात लावू नका. तिला झाडावरच वाळू द्या. बटणांची डबी रिकामी आहे.