इटाचं नाव

कीलिनची मुलगी पंचविसाव्या आठवड्यातच जन्माला आली. वजन सातशे ग्रॅमही भरलं नाही. डब्लिनच्या इस्पितळात काचेच्या पेटीत ती नळ्यांच्या गुंत्यात पडून होती. पेटीवरच्या चिठ्ठीत नावाची जागा चार दिवस कोरीच राहिली.

पाचव्या दिवशी सकाळी जेसिंटा नर्सनं कीलिनला बाजूला घेतलं. "पोरी, बाप्तिस्म्यासाठी फादरना बोलवायचं असेल तर आज बोलव. उद्यावर टाकू नकोस. आणि नाव ठरवा."

कीलिनचा नवरा फर्गल भिंतीला टेकून उभा होता. गाई भावावर सोपवून तो आल्यापासून खुर्चीतच झोपत होता. त्याची आई डिम्प्ना केरीतल्या गावाहून पाच तासांची बस धरून नुकतीच पोचली होती. अंगावरचा कोटही तिनं अजून उतरवला नव्हता.

"नाव काय ठरवायचंय त्यात?" डिम्प्ना म्हणाली. "माझ्या आईचं द्या. साइव्ह."

"नको," कीलिन म्हणाली.

"का गं? काय वाईट आहे?"

"म्हणायला साइव्ह, आणि लिहायला एस, ए, डी, एच, बी, एच. नको मला."

"सत्त्याऐंशी वर्षं लिहिलं तिनं. काही बिघडलं नाही तिचं."

फर्गल मध्ये पडला. "मग एमिली ठेवू. सोपं आहे, सगळ्यांना येतं."

"एमिली!" डिम्प्नानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो एवढासा झाला. "आपल्या दफनभूमीत चार पिढ्या झोपल्यात, त्यांच्यात ही एमिली कुठून—" तिघांनीही पेटीकडे पाहिलं. आत इवलीशी छाती यंत्राच्या तालावर हलत होती.

"नाव आयरिशच हवं," कीलिन हळूच म्हणाली. "पण कुणालाही ऐकून लिहिता आलं पाहिजे. टेबलामागच्या कंटाळलेल्या बाईलासुद्धा."

"एवढं काय अडलंय तुझं त्या लिहिण्यावाचून?" डिम्प्ना चिडलीच. "पोर तिकडे मरणाच्या दारात, आणि तुला स्पेलिंग सुचतंय!"

तेव्हा कीलिनचा बांध फुटला आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

तिचं स्वतःचं नाव ऐकायला कीलिन, पण कागदावर अकरा अक्षरांचं. सी, ए, ओ, आय, एल, एफ, एच... शाळेत असल्यापासून ती हे सांगत आली होती. महिन्यापूर्वी तालुक्याच्या दवाखान्यात लघवीचा नमुना द्यायला गेली, तेव्हा तिला उलट्यांनी हैराण केलं होतं. टेबलामागच्या बाईनं स्पेलिंग विचारलं. "तुम्हाला ऐकू येतं तसं लिहा," असं म्हणून कीलिन मोकळी झाली. बाईनंही ऐकू आलं तसं लिहिलं, जन्मतारीख ताडून पाहिली नाही, नवी फाइल उघडली. संसर्ग झाल्याचा अहवाल त्या फाइलीत जाऊन बसला. डॉक्टर जुनीच फाइल बघत राहिले. वेळेवर आठवडाभराच्या गोळ्या मिळाल्या असत्या तर कदाचित... परवा त्याच डॉक्टरांचा फोन आला होता. दुसरी फाइल सापडल्याचं त्यांनी सांगितलं.

"मीच म्हटलं तसं," कीलिन म्हणाली. "मीच. मला कंटाळा आला होता."

फर्गल भिंतीपासून सरकला. "परवा फोन आला? आणि मला बोलली नाहीस?"

"काय सांगू? तुझ्या लेकीला मी आळसानं मारलं म्हणून?"

तो दाराबाहेर गेला. तिथेच उभा राहिला. काचेतून त्याची पाठ दिसत होती.

डिम्प्नानं कोट काढला, खुर्चीवर टाकला आणि सुनेच्या शेजारी बसली. ती काही मायाळू बाई नव्हती. लग्नानंतरच्या सहा वर्षांत तिनं कीलिनला एकदाही जवळ घेतलं नव्हतं, आताही घेतलं नाही.

"ऐक," ती म्हणाली. "लिहून घ्यायचा पगार त्या बाईला मिळतो, तुला नाही. तारीख बघणं तिचं काम. यापुढे 'मीच मारलं' हे शब्द माझ्यासमोर काढायचे नाहीत. त्याच्यासमोर तर नाहीच नाही."

कीलिन नुसती रडत राहिली.

"इटा," डिम्प्ना थोड्या वेळानं म्हणाली. "आपल्या भागातली संत आहे. आय, टी, ए. तीनच अक्षरं. चुकवीन म्हटलं तरी कुणाला चुकवता यायचं नाही."

"इटा," कीलिननं म्हणून पाहिलं. मग पेटीच्या भोकातून बोट आत घालून पुन्हा म्हटलं. फर्गलला डिम्प्नानंच हात धरून आत आणलं. फादर आले, कापसाच्या बोळ्यानं कपाळाला पाणी लावलं. जेसिंटानं चिठ्ठीवर नाव लिहिलं, कुणाला काही न विचारता, बरोबर.

इटा आणखी दोन दिवस जगली. शेवटचा तासभर तिला नळ्यांवाचून आईच्या छातीवर दिली होती.

छोटी पांढरी शवपेटी फर्गलनं केरीपर्यंत मांडीवरच आणली. गाडी त्याच्या भावानं चालवली. स्थानिक रेडिओनं सकाळच्या निधनवार्तेत नाव वाचलं होतं, त्यामुळे रस्त्यावर शेजारी टोप्या काढून उभे होते. दफन झालं. स्वयंपाकघरात चहा आणि हॅम सँडविचची ताटं फिरली. कुणीतरी कीलिनच्या हातात सँडविच दिलं आणि तिनं ते अख्खं खाल्लं, भूक लागली होती म्हणून. तिची तिलाच लाज वाटली.

पाच वाजता, धारेच्या वेळी, गोठ्यात गाई हंबरू लागल्या. फर्गलनं उठून काळा सूट उतरवला. फाइलींबद्दल तो त्या दिवसानंतर एक अक्षर बोलला नव्हता. बोलेल की नाही, कीलिनला ठाऊक नव्हतं. तिचे स्तन दुधानं ठणकत होते, ब्लाउज ओला झाला होता.

"तू पडून राहा," तो म्हणाला, तिच्याकडे न बघता.

"नाही," कीलिन म्हणाली. तिनं रबरी बूट चढवले आणि त्याच्या मागोमाग अंगणात उतरली.