बर्फात मेलेलं औषध

"बर्फाला टेकवू नकोस गं हे. उन्हानं बिघडतं, तसं गोठूनही मरतं. आणि मेलेलं ओळखू येत नाही."

नर्सबाईंनी इन्सुलिनच्या बाटल्या हातात देताना असं बजावलं, तेव्हा धाकटी सून हसली होती. नवऱ्याचं दूध संकलन केंद्र, दारात सहा गाई. दुधाच्या घरातल्या बाईला गारव्याचं काय शिकवायचं? त्या घरात ऊन म्हणजे वैरी आणि बर्फ म्हणजे सख्खा सोयरा. जितकं गार तितका माल टिकतो, एवढं तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक.

साखरेचा आजार तिला बाराव्या वर्षापासूनचा. रोज चार सुया. कॉलेजही तिनं सुया टोचतच पुरं केलं. त्या उन्हाळ्यात वीज दिवसाचे आठ-आठ तास जायला लागली, घरातला फ्रीज नुसतं कपाट होऊन बसला. तेव्हा तिनं बाटल्या उचलल्या आणि दुधाच्या कॅनभोवतीच्या बर्फात खोल खोचल्या. काढल्या तेव्हा एक-दोन कडक झाल्या होत्या. पदरात धरल्या, पाणी झालं, दिसायला पहिल्यासारखंच. ती टोचत राहिली.

तेव्हा तिला दिवस गेल्याचा सातवा आठवडा होता. घसा सारखा कोरडा पडायचा, पायात गोळे यायचे. सासू म्हणाली, पोटुशीला असंच होतं, कौतुक नको. साखर तपासायच्या पट्ट्या संपल्या होत्या. नवरा शहरातून आणणार होता, पण त्याचा उद्या काही उगवेना. आणि तिलाही वाटलं, होतच असेल असं. शिकलेली माणसंसुद्धा आपल्याला हवं तेच खरं धरतात.

बर्फातलं औषध घ्यायला लागल्यापासून दहाव्या दिवशी सकाळी चौथ्या गाईच्या आचळाला हात लावला आणि ओटीपोटात कळ आली. दवाखान्यात साखर चारशेच्या वर निघाली. दोन दिवस सलाईन. ती वाचली, पोटातलं गेलं.

तिनं डॉक्टरीणबाईंना बर्फाचं सगळं सांगितलं आणि विचारलं, माझ्यामुळं गेलं का? बाई म्हणाल्या, साखर चढली की धोका वाढतो हे खरं. पण इतक्या लवकर जाणारे गर्भ पुष्कळदा मुळातच टिकणारे नसतात. तुझ्यात नेमकं काय झालं, कुणीच छातीठोक सांगणार नाही. तिला वाटलं, हो म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. फास एकदाचा बसला असता. आता जन्मभर नुसतं लोंबकळणं.

घरी आली तर सारं जिथल्या तिथं. तीन महिने भरल्याशिवाय बोलायचं नाही, हा सासूचा हुकूम. त्यामुळं दिवस गेलेले कुणाला माहीत नव्हते, मग गेलेल्याचं विचारायला कोण येणार? साखर वाढली होती, सलाईन लावलं, एवढंच गल्लीत सांगून झालं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

चौथ्या दिवशी सासूनं तिच्यापुढं बादली आणून ठेवली. "गाई काय थांबतात होय? आणि होतं काय, जेमतेम दाण्याएवढं. आमच्या वेळी तर आम्ही कुणाला कळूही दिलं नाही."

सून जागची हलली नाही. "आई, मागच्या साली तांबडी गाय गाभडली, वासरू पोटातच गेलं, तेव्हा काय केलं आपण?"

"तिचं काय आता मधेच?"

"एकवीस दिवस तिला गोठ्याबाहेर काढली नाही. जनावरांचा डॉक्टर तीनदा आला. तुम्ही तिच्या मानेवरून हात फिरवत बसायचात. अर्धी गल्ली विचारून गेली."

"मुकं जनावर ते."

"मग मी पण मुकीच होते की. बोलायचं नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत."

अंगणात नवरा कॅन घासत होता, त्याचा हात थांबला. मान काही वर आली नाही. सासूनं बादली उचलली, पाय आपटत गोठ्यात गेली. बादलीत धार पडल्याचा आवाज मात्र किती तरी वेळ आला नाही. सुनेनं डोकावून पाहिलं. म्हातारी गाईच्या कुशीला कपाळ टेकून बसली होती. कळूही न दिलेली अशी तिची स्वतःची किती होती, ते तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्या दिवसापासून सुनेला दूध काढायला कुणी लावलं नाही. पंधरा दिवसांची सुटी मिळाली. प्रेमानं नव्हे, सुनेच्या तोंडाला लागायला नको म्हणून. जेवलीस का, हे मात्र अजून कुणी विचारत नाही, आणि तिथंच खरी गोम आहे. नव्या बाटल्या ताज्या आहेत, ती मोजून सुई टोचते, आणि मग ताट तसंच सरकवून ठेवते. घरच्यांना वाटतं, रुसलीय. ती रुसलेली नाही. स्वतःला शिक्षा करतेय. सुई घेऊन उपाशी राहिलं की साखर एकदम उतरते आणि जिवावर बेततं, हे तिच्याइतकं त्या घरात कुणाला कळत नाही.

म्हणून सांगते, तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल तर आजच तिच्या घरी जा. पुढच्या वेळी होईल, असलं काही बोलू नका. आत जा, तिच्याशेजारी बसा, ताट तिच्यापुढं घ्या. बरी आहे म्हणाली तरी उठू नका. तिच्या पोटात चार घास गेलेले स्वतःच्या डोळ्यांनी बघा.